सेकंड लाइफमधी रोलप्ले करायचाय? आधी गाव बगा, कपडे नंतर घ्या

रोलप्ले म्हणजे एखादं पात्र बनून त्याच्यासारखं वागायचा, बोलायचा खेळ. सेकंड लाइफमधी नवीन आलेला माणूस पहिल्याच दिवशी दुकानात घुसतो. लेदर जॅकेट घेतो, बाइक घेतो, पाठीला पंख घेतो, आहेत नाहीत तेवढे लिंडन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, उडवून मोकळा होतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याला कळतंय की आपल्याला जिथं रोलप्ले करायला आवडतंय ते गाव १९२० च्या दशकातलं बर्लिन आहे अन् तिथं त्या काळचे कपडे घातल्याशिवाय फिरू देत नाहीत. मग जॅकेट पडलं इन्व्हेंटरीत, म्हणजे आपल्या सामानाच्या पेटीत, आणि बाइक लावायला जागा नाही. असं लई जणांचं झालेलं बगितलंय म्हणून हे लिहायलोय, आणि क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. आधी गाव, मग पात्र, अन् खरेदी सगळ्यात शेवटी. दुकानं कुठं पळून जात नाहीत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेकंड लाइफ ही सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीनं जून २००३ मधी सुरू केलेली ऑनलाइन दुनिया आहे, अजून चालू आहे. लेव्हल नाही, बॉस नाही, जिंकणं-हरणं नाही. तिथली घरं, कपडे, झाडं, घोडे, जवळजवळ सगळं तिथल्याच माणसांनी बनवलेलं आणि एकमेकाला विकलेलं असतंय. आपल्याकडं रोलप्ले म्हणलं की पोरांना जीटीए गेमचे फाइव्हएम सर्व्हर आठवतेत, पोलीस, गँग, माइकवर हिंदीतून दमदाटी. तेबी रोलप्लेच आहे, पण इथं बहुतेक ठिकाणी सगळं टाइप करून चालतंय, गोळीबार कमी अन् गप्पा जास्त. ज्याला लिहायला आवडतंय त्याला हे जमतंय, ज्याला नुसतं पळायचंय त्याला दोन दिवसांत कंटाळा येतो.

वयाचं आधीच सांगून टाकतो. १८ पूर्ण नसतील तर थांबा. तिथं जागांना जनरल, मॉडरेट आणि अॅडल्ट असे तीन दर्जे असतेत, आणि रोलप्लेची बरीचशी गावं मॉडरेट किंवा अॅडल्टमधीच मोडतेत. खोटं वय टाकून घुसलेलं पोरगं सापडलं तर त्याचं अकाउंट तर जातंयच, वर त्या गावाच्या मालकाच्या डोक्याला ताप होतो.

कॉम्प्युटर, नेट आणि घड्याळ

कॉम्प्युटर साधा चालतो पण अगदीच दहावीच्या निकालानंतर घेतलेला जुना लॅपटॉप असंल तर कुरकुर करतंय. व्ह्यूअर म्हणजे ज्यातून आत जायचं ते सॉफ्टवेअर, एक लिंडन लॅबचं स्वतःचं आहे आणि दुसरं फायरस्टॉर्म, जुने लोक जास्त करून फायरस्टॉर्मच वापरतेत. सेटिंगमधी जाऊन ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दिसावं ते, ६४ मीटरवर आणा, सावल्या बंद करा, अवतार म्हणजे तिथलं आपलं शरीर, त्याच्या कॉम्प्लेक्सिटीची मर्यादा खाली ओढा, म्हणजे दागिन्यांनी मढलेला एखादा माणूस समोर आला की लॅपटॉपचा फॅन विमानागत ओरडायचा नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक भरलेल्या बाजारात संपायला वेळ लागत नाही, कारण तिथं प्रत्येक फळीवरचं चित्र डाउनलोड होत असतंय. फायरस्टॉर्मची कॅशे मोठी करून ठेवा, एकदा उतरलेलं चित्र परत उतरत नाही. आणि लाइट जाण्याचं तर विचारूच नका. सीन चालू असताना गेली तर मोबाइलवरून ग्रुपमधल्या कुणाला तरी कळवायची सोय आधीच करून ठेवा, नसता तिकडचे लोक अर्धा तास तुमच्या उत्तराची वाट बगत बसतेत.

घड्याळाकडं मात्र नीट लक्ष द्या, कारण आपल्या भागातली माणसं जास्त करून इथंच अडकतेत. तिथलं अधिकृत घड्याळ म्हणजे एसएलटी, सेकंड लाइफ टाइम, ते कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतंय. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आपण त्यांच्या साडेबारा तास पुढं, आणि थंडीत साडेतेरा तास पुढं. म्हणजे नोटीसमधी लिहिलं असंल की गावची सभा संध्याकाळी ७ ला, तर आपल्याकडं उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. ऑफिसला जायच्या टायमाला कोण राजदरबार भरवंल? म्हणून अमेरिकन लोकांचं गाव असंल तर त्यांच्या शनिवार-रविवार सकाळचे कार्यक्रम शोधा, त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले त्याच रात्रीचे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा, जेवण उरकून आरामात बसता येतंय. युरोपातल्या लोकांनी चालवलेली गावं आपल्याला अजून सोयीची पडतेत, जर्मनीत संध्याकाळचे ७ वाजले की आपल्याकडं उन्हाळ्यात साडेदहा असतेत. गाव कितीबी भारी असू द्या, तुम्ही जागे असता त्या टायमाला तिथं कोणी नसंल तर तुम्ही रिकाम्या किल्ल्यात एकटेच फिरणार.

गाव कसं निवडायचं

सेकंड लाइफच्या साइटवर डेस्टिनेशन गाइड आहे, त्यात रोलप्ले कम्युनिटींचा वेगळा विभाग आहे. तिथून सुरुवात करा. मध्ययुगीन किल्ले, परी-राक्षसांची जंगलं, अमेरिकेतलं काउबॉयवालं गाव, भविष्यातलं अंतराळयान, गुन्हेगारीनं भरलेलं शहर, सगळं सापडंल. कॅलेडॉन नावाचा व्हिक्टोरियन-स्टीमपंक थाटाचा एक अख्खा देशच आहे, २००६ पासूनचा, आणि त्यांची ऑक्सब्रिज नावाची शाळा नवीन माणसाला चालायचं कसं, कपडे बदलायचे कसे इथून शिकवती. नवीन असाल तर रोलप्ले कुठंबी करा पण आधी त्या शाळेत एक चक्कर मारून या.

दोन ठिकाणी जपून. एक म्हणजे गोर नावाखाली, म्हणजे त्याच नावाच्या कादंबऱ्यांतल्या जगावर, चालणारी गावं, ती जुनी आहेत, मोठी आहेत, लिहिणारे लोकबी चांगले असतेत, पण त्या जगात गुलामगिरी हा खेळाचाच भाग आहे. वर्णन न वाचता नुसता घोडा अन् तलवार बगून आत जाऊ नका. दुसरं, रस्त्यात अनोळखी माणूस तुम्हाला चावायची परवानगी मागणारी खिडकी पाठवतो, घाबरू नका, तो ब्लडलाइन्स नावाचा व्हॅम्पायरचा खेळ आहे. नको म्हणायचं आणि पुढं चालायचं. त्यावर लसणाची माळबी मिळती, फुकट, खरंच मिळती.

गावात उतरलं की उतरायच्या जागीच नियमांची नोटकार्ड मिळते. वाचा. पूर्ण वाचा. मला माहीत आहे आपण मोबाइल ॲपच्या अटी कधी वाचत नाही, पण इथं वाचाव्या लागतेत, कारण कोणत्या जमाती चालतेत, जादू चालती का, मारामारीला कोणता मीटर, म्हणजे जखमा मोजायचं साधन, लागतो, नवीन पात्राला अर्ज भरावा लागतो का, कपड्यांचा काळ कोणता, हे सगळं त्यातच असतंय. बऱ्याच गावांत पाहुण्यांसाठी ऑब्झर्व्हरचा टॅग असतो, तो लावला की तुम्ही खेळात नाही हे सगळ्यांना कळतंय आणि तुम्ही बिनधास्त फिरून बगू शकता.

टॅग लावा आणि एखाद्या खानावळीत किंवा चौकात जाऊन गप्प बसा. साधं बोलणं २० मीटरपर्यंत ऐकू येतंय, म्हणजे कोपऱ्यात बसलात तरी सगळा सीन वाचता येतो. कोण किती लांब लिहितंय, एकेकाच्या उत्तराला किती वेळ लागतो, भांडण झालं तर पात्रापुरतं राहतंय का खरंच एकमेकाला टोचतेत, नवीन माणूस आला तर त्याला कुणी सामावून घेतंय का सगळे आपापल्या जोड्यात गुंग आहेत. वेगवेगळ्या टायमाला दोन-चार वेळा बसा. एवढं केलं की तुम्हाला कळतंय हे आपलं गाव आहे का नाही, आणि यात एक रुपया गेलेला नसतो.

बोलायचं कसं

पात्र बोलतंय ते आयसी, आणि पात्रामागचा माणूस बोलतोय ते ओओसी. ओओसी बोलायचं असंल तर दुहेरी कंसात लिहायचं किंवा खाजगी मेसेज करायचा. हे दोन मिसळू देऊ नका, रोलप्लेमधली निम्मी भांडणं इथूनच निघतेत. समोरच्याचं पात्र तुमच्या पात्राला शिव्या घालतंय याचा अर्थ तो माणूस तुमच्यावर चिडलाय असा होत नाही. उलटंबी तसंच, तुमच्या पात्राचं कुणाशी लगीन लागलं म्हणून त्या माणसाचा खरा नंबर मागत सुटू नका.

क्रिया लिहायची असंल तर स्लॅश टाकून एम ई ही दोन इंग्रजी अक्षरं अन् पुढं वाक्य, म्हणजे तुमचं नाव आपोआप वाक्याच्या सुरुवातीला लागतंय. आता समजा तुम्ही लिहिलं, 'तलवार उपसून समोरच्याचा हात तोडतो.' हे चालत नाही. याला गॉडमोडिंग म्हणतेत, समोरच्याचं काय झालं ते तुम्हीच ठरवून टाकलं. त्याच्या जागी 'तलवार उपसतो अन् त्याच्या उजव्या हाताच्या दिशेनं फिरवतो' असं लिहून थांबायचं. लागली का हुकली ते तो सांगंल. दुसरा गुन्हा मेटागेमिंगचा. समोरच्याच्या डोक्यावर नाव तरंगतंय म्हणून पहिल्याच भेटीत त्याला नावानं हाक मारली, किंवा त्याच्या प्रोफाइलमधी वाचलं की तो हेर आहे आणि लगेच पात्राच्या तोंडून 'हेर आहेस तू' निघालं, तर लोक नाराज होतेत. तुमच्या पात्राला जे दिसलं, ऐकू आलं, तेवढंच त्याला माहीत.

इंग्रजी लागतंय हे खरं आहे. पण शेक्सपिअर लागत नाही. छोटी सरळ वाक्यं, एका वेळी दोन-तीन, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. चार-पाच जण असले तर पाळी ठरलेली असती, मधीच उडी मारली की सीन विस्कटतो. इंग्रजी कच्चं असंल तर ओओसीमधी एकदा सांगून टाका, बहुतेक लोक सांभाळून घेतेत कारण तिथं ब्राझीलचे, जपानचे, फ्रान्सचे लोक असतेत, त्यांचंबी तसंच असतंय.

पात्र आपल्या मातीतलं घ्या

आता पात्र. नवीन माणूस हमखास हरवलेला राजपुत्र नाहीतर हजार वर्षांचा व्हॅम्पायर बनतो, अन् प्रत्येक गावात असे राजपुत्र पोत्यानं पडलेले असतेत. माझं मत विचाराल तर ज्याची आपल्याला आतून माहिती आहे असं काहीतरी घ्या. धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या की. पहिल्या शतकातल्या ग्रीक नोंदीत तगर आणि पैठण अशी आपली दोन्ही गावं सापडतेत, तगरहून साधं कापड अन् मलमल, पैठणहून गोमेदासारखे दगड, गाड्या भरून भडोचच्या बंदरावर जायचे आणि तिथून जहाजानं रोमन जगात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात रोमन संबंधाच्या वस्तू आजबी बगायला मिळतेत. मग कुठल्याबी जुन्या काळातल्या बंदराच्या गावात तुम्ही तगरचा कापडवाला म्हणून उतरलात तर तुमच्याकडं बोलायला विषय आहे, विकायला माल आहे, लांबून आल्यामुळं इथल्या रीती माहीत नसल्याचं कारणबी आहे, आणि इंग्रजी थोडं मोडकं आलं तर तेबी पात्रात शोभून दिसतंय. कापडाचा भाव करताना कसं बोलायचं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

काल्पनिक जगाचं गाव असंल तर गावाचं नाव बदला, बाकी तसंच. वैदू, गोंधळी, उंटवाला, विहीर खोदणारा, काहीबी चालतंय. दोन परिच्छेदांची पूर्वकथा पुरे, कुठून आला, इथं कामून आला, त्याला काय पाहिजे, आणि त्याला कशाची भीती वाटती. बाकीचं खेळता खेळता सापडतंय.

आणि खरेदीची यादी इथून तयार होती, याच्यासाठी एवढं सगळं आधी सांगितलं. कापडवाल्याला काय लागतंय? धोतर, अंगावर उपरणं, पागोटं, साधी चप्पल, पाठीवर गाठोडं, कमरेला पैशाची पिशवी. संपलं. पंख लागत नाहीत.

आता बाजार

पैशापासून सुरुवात करू. तिथलं चलन लिंडन डॉलर, लोक नुसतं लिंडन म्हणतेत. एका अमेरिकन डॉलरला अडीचशेच्या आसपास येतेत, भाव रोज थोडा हलतो, म्हणजे आपल्या हिशोबानं एक लिंडन साधारण ३५ पैशाला. घ्यायचे ते लिंडेक्सवरूनच, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या एक्सचेंजवरून. टेलिग्रामवर कुणी स्वस्तात देतो म्हणलं तर नाद सोडा, चोरीच्या कार्डातून आलेले निघाले तर अकाउंट तुमचं बंद होतंय. यूपीआय विसरा, व्हिसा-मास्टरकार्ड नाहीतर पेपाल. कार्ड चालंना गेलं तर बँकेच्या ॲपमधी जाऊन इंटरनॅशनल ऑनलाइन वापर चालू आहे का बगा, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर ते बंदच येतंय. काम झालं की परत बंद करून टाका. प्रत्येक वेळी लिंडन घेताना फी कटती, वर बँकेचा परकीय चलनाचा खर्च वेगळा, म्हणून शंभर-शंभर करून घेण्यापेक्षा महिन्याचं बजेट ठरवून एकदाच घेतलेलं परवडतंय. पाचशे रुपये म्हणलं तर पाचशेच.

पहिली मोठी खरेदी अंगाची असती, कपड्याची नाही. तिथं मेश बॉडी आणि मेश हेड, म्हणजे अवतारावर चढवायचं नीट घडवलेलं अंग अन् डोकं, वेगवेगळे विकत मिळतेत, बायकांत मैत्रेया, लेगसी, रिबॉर्न, पुरुषांत जेक, जियानी अशी नावं चालतेत, हेडमधी लेलुटका लई वापरतेत. एकेकाला दोन ते पाच हजार लिंडन सहज. आणि इथंच फसायला होतंय, कारण कपडे बॉडीनुसार शिवलेले असतेत, मैत्रेयाच्या मापाचा झगा लेगसीवर घातला की दुसरीच्या मापाचं ब्लाउज अंगात घातल्यागत इथून मांडी बाहेर, तिथून खांदा गायब. म्हणून आपल्या काळाचे, आपल्या प्रकारचे कपडे ज्या बॉडीला जास्त मिळतेत ती बॉडी घ्या, आधी कपडे विकणाऱ्या चार दुकानांत फिरून त्यांच्या जाहिरातीवर कोणाची नावं आहेत ते बगून या. लगेच पैसे घालायचे नसतील तर कंपनीचे सेनरा नावाचे फुकट अवतार आहेत, रूथ २ आणि रॉथ २ अशा ओपन सोर्स बॉड्याबी आहेत, पागोटं अन् उपरणं घातल्यावर कुणी आत वाकून बगत नाही. काही हेडवाले सणासुदीला ग्रुप गिफ्ट म्हणून अख्खं हेड फुकट देतेत, डिसेंबरमधी डोळे उघडे ठेवा.

डेमो घातल्याशिवाय एकबी वस्तू घेऊ नका, हा नियम मोडायचाच नाही. प्रत्येक चांगल्या दुकानात डेमो असतो, शून्य किंवा एक लिंडनला. घालून चाला, बसा, पळा, घोड्यावर बसून बगा, धोतर मांडीतून आरपार जातंय का ते उभं राहून कळत नाही. ज्याचा डेमो नाही ते सोडून द्या. आणि एकदा घेतलं की पैसे परत हा प्रकार जवळजवळ नाहीच.

परमिशनकडं बगायची सवय लावा. कॉपी, मॉडिफाय, ट्रान्सफर अशा तीन परवानग्या वस्तूवर असतेत. बहुतेक कपडे कॉपी असतेत पण ट्रान्सफर नसतेत, म्हणजे तुम्ही कितीबी प्रती काढा, दुसऱ्याला देता येत नाही. ट्रान्सफर असंल तर जास्त करून कॉपी नसती, म्हणजे एकच नग, कुणाला दिला की गेला, आणि जमिनीवर ठेवताना हरवला की डोक्याला हात. रोलप्लेमधी तुम्हाला खरंच वस्तू हातातून हातात द्यायची असती, पत्र, अंगठी, गाठोडं, तिथं ट्रान्सफरवालीच घ्या. कपड्याला मॉडिफाय असलेलं बरं, रंग थोडा मळका करता येतो, आठशे कोस चालून आलेल्या माणसाचं धोतर पांढरंशुभ्र असतंय का?

दुकानं दोन प्रकारची. वेबसाइटवरचं मार्केटप्लेस आणि आतमधली दुकानं. मार्केटप्लेसवर शोधायला सोपं आहे, पण किंमत कमी-जास्त करून लावली की चोरलेला किंवा दहा वर्षांपूर्वीचा माल वर येतो, २०११ च्या आधीचा म्हणजे मेश यायच्या आधीचा असंल तर तो अंगावर पुठ्ठ्यागत दिसतो. रिव्ह्यूच्या तारखा बगा, दुकानाचं आतमधी खरं दुकान आहे का बगा. साडी इंग्रजी दोन्ही स्पेलिंगनं शोधा, लेहेंगा, कुर्ता, शेरवानी बऱ्यापैकी मिळतेत, बॉलिवूडी थाटाचे. नऊवारी म्हणलं तर मला अजून मनासारखी सापडलेली नाही, धोतरबी शोधूनच काढावं लागतंय.

आतमधी जत्रा लागल्यागत सेल लागतेत. दर महिन्याचे मोठे इव्हेंट असतेत, रोलप्लेवाल्यांसाठीच वुई लव्ह रोलप्ले नावाचा एक आहे. वसंतात, म्हणजे आपल्याकडं ऊन भाजून काढायलेलं असताना, फँटसी फेअर भरतो, २००९ पासून, त्यातून जमलेला पैसा रिले फॉर लाइफमार्फत अमेरिकन कॅन्सर सोसायटीला जातो. दुपारी बाहेर पडायची सोय नसती तेव्हा नुसतं बगायला गेलं तरी वसूल, एकेक गाव असं बांधलेलं असतंय की विकत काही नाही घेतलं तरी चालंल. शुक्रवारी ५० लिंडनवाला सेल, शनिवार-रविवारी ६० वाला, एरवी तीनशेचा माल तिथं निघतो. लिंडन लॅबच्या शॉप अँड हॉपमधी प्रत्येक दुकानात फुकट गिफ्ट असतंय. गर्दीत आत शिरताच येत नसंल तर शेजारच्या जागेत उभं राहून ऑल्ट दाबून कॅमेरा फिरवत दुकानं बगायची, किंवा आधी सेराफिम नावाच्या सेलची माहिती देणाऱ्या साइटवर फोटो बगून यादी करून जायचं. सेलमधी जाताना केस अन् दागिने काढून जातेत लोक, अवतार हलका राहतो. टकले होऊन खरेदी करणारी गर्दी बगून पहिल्यांदा हसू येतंय.

फॅटपॅकचा मोह आवरा. एकाच झग्याचे सगळे रंग एकत्र, दीड-दोन हजाराला. तुमचं पात्र कापडवालं आहे, त्याला एक रंग पुरतो. गाचा म्हणजे पैसे टाकून नशिबावर वस्तू काढायची मशिनं, ती ऑगस्ट २०२१ अखेर बंद झाली, पण तेव्हाच्या वस्तू मार्केटप्लेसवर अजून फिरतेत, दुर्मिळ म्हणून चढा भाव लावतेत. त्या नो-कॉपी असतेत, ध्यानात ठेवा.

दोन धोके. तुम्ही कशाला तरी हात लावला आणि खिडकी आली की ही वस्तू तुमच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी मागते, तर नकारच द्यायचा, डोळे झाकून. अंगाला हलवायची परवानगी मागणं वेगळं, नाचायला, बसायला ती लागतीच, पण पैशाची परवानगी खरेदी करणाऱ्याला कधीच द्यावी लागत नाही. दुसरं, ओळखीच्या नावानं मेसेज येतो, बग मार्केटप्लेसवर काय स्वस्त लागलंय, लिंक दाबली की हुबेहूब तसंच लॉगिनचं पान. ओळखीच्याचं अकाउंट आधीच हॅक झालेलं असतंय. लिंक दाबू नका, साइट स्वतः उघडा. टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी सोय, चालू करून ठेवा.

घेतलेला माल आलाच नाही तर लगेच दुकानदाराला शिव्या घालू नका. बऱ्याच दुकानांत कॅस्परव्हेंडची विक्रीची मशिनं असतेत, तिथल्या रीडिलिव्हरीच्या फळीवर हात लावला की जुनी खरेदी परत मिळती. तेबी नाही जमलं तर दुकानदाराला मेसेजऐवजी नोटकार्ड पाठवा, त्यांचे मेसेज भरून वाया जातेत.

सापडंना तर स्वतः करा

नऊवारी नाही सापडत, काठ नाही मिळत, तर थोडं डोकं लावलं की घरीच जमतंय. फुल पर्म, म्हणजे तिन्ही परवानग्या असलेले, साड्यांचे साचे मिळतेत, वाचून घ्या, काही फक्त विकणाऱ्यांसाठी असतेत. किंवा मॉडिफाय असलेली साडी घ्या, फोटो एडिटरमधी नारळी काठ अन् पदरावर मोर बसवा. अपलोडला १० लिंडन लागतेत, पण त्याच्या आधी टेक्स्चर, म्हणजे कपड्यावर लावायचं चित्र, निवडायच्या खिडकीत लोकल म्हणून टॅब आहे, तिथून कॉम्प्युटरवरचं चित्र फुकट लावून बगता येतंय, फक्त तुम्हालाच दिसतंय. काठ उलटा आला, मोर पाठीवर गेला, सगळं तिथंच सुधारा आणि पक्कं झालं की मग दहा लिंडन टाका. कपाळावरची चंद्रकोर तर अजून सोपी, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, १०२४ बाय १०२४, नवीन टॅटू बनवून त्यात टाकायची. २०१९ मधी बेक्स ऑन मेश नावाची सोय आल्यापासून ती मेश हेडवरबी दिसती.

गावात राहायला जागा घ्यायची घाई करू नका. भाडं आठवड्याला भरायचं असतंय आणि घरात किती सामान मावंल ते लँड इम्पॅक्टच्या आकड्यावर ठरतंय, एका भारी पलंगात निम्मा आकडा संपतो. तसंच शेतीच्या खेळाचं, डीएफएस म्हणून एक आहे, पेरायचं, पाणी घालायचं, गाई सांभाळायच्या, काढलेला माल गावच्या खानावळीला विकायचा. आपल्याकडच्या माणसाला हसू येतंय की दिवसभर शेतात राबून रात्री परत शेतच, पण लई जण करतेत, अन् रोलप्लेला खरंच रंग येतो. फक्त बियाणं-खाद्य परत परत लागतंय, तेवढा खर्च धरून चाला.

शेवटचं काम इन्व्हेंटरीचं. प्रत्येक गावासाठी वेगळा आउटफिट सेव्ह करा, नावात गाव अन् पात्र दोन्ही टाका, म्हणजे पाच मिनिटांत कपडे बदलून सीनला हजर राहता येतंय. डेमोचे फोल्डर त्याच दिवशी उडवा. ट्रॅश रिकामी करायच्या आधी मात्र एकदा उघडून बगा, नो-कॉपीची अंगठी त्यात गेली असंल तर परत येत नाही.